प्रार्थनास्थळ आणि पालिकेचा दवाखाना: एकत्र काम सुरू करणाऱ्यांसाठी

आपल्या देवळाच्या विश्वस्त मंडळाने, मशिदीच्या जमातीने, चर्चच्या पॅरिशने, बुद्धविहाराच्या समितीने किंवा गुरुद्वाऱ्याच्या सेवेकऱ्यांनी महानगरपालिकेच्या आरोग्य खात्याबरोबर काही काम करावे, असा विचार मुंबईत अनेकांच्या मनात येतो. सुरुवात कोठून करायची हे ठाऊक नसल्यामुळे तो बहुधा एका रविवारच्या आरोग्य शिबिरावर येऊन थांबतो. मंडप पडतो, रक्तदाब मोजला जातो, पाहुण्यांचे सत्कार होतात आणि सोमवारी सारे पूर्ववत होते. त्या रविवारच्या पुढे जाऊ इच्छिणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांसाठी हे लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट मनाशी स्पष्ट असावी. डॉक्टर, औषधे, लशी आणि प्रयोगशाळा पालिकेकडे आहेत. त्यांची नक्कल करण्याची प्रार्थनास्थळाला गरज नाही. प्रार्थनास्थळाकडे जे आहे ते पालिकेला विकत घेता येत नाही: कोणत्या घरात कोण खोकते आहे, कोणाची सून माहेरी बाळंत होऊन आली आहे, कोणाचे औषध पैशांअभावी बंद पडले आहे याची माहिती आणि ज्यांचे म्हणणे घरातली वडीलधारी माणसेही ऐकतात असे दोन-चार जण. या दोन्ही बाजू जोडणे एवढेच आपले काम आहे.

मुंबईने हे फार पूर्वी अनुभवले आहे. १८९६ साली मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली, तेव्हा घरोघरी झडत्या घेऊन रुग्णांना सक्तीने हलवण्याच्या सरकारी पद्धतीमुळे लोक बिथरले आणि आजारी माणसांना लपवू लागले. वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केल्यानंतरही ती टोचून घ्यायला लोक धजावत नव्हते. त्या वेळी इस्माइली खोजा समाजाचे प्रमुख, अवघ्या विशीतले तिसरे आगाखान यांनी स्वतः सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि अनुयायांची भीती कमी केली. निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये उभारल्यावर रुग्णही दाखल होऊ लागले, कारण तेथे आपली माणसे होती, आपल्या पद्धतीचे अन्न होते. सक्तीने जे झाले नाही ते विश्वासाने झाले.

पहिली पायरी: आधी ऐकून घ्यावे

पालिकेच्या दारात जाण्यापूर्वी आपल्याच लोकांना विचारावे. आरती, जुम्म्याची नमाज, रविवारची मिस्सा किंवा वंदना संपल्यावर पंधरा मिनिटे थांबण्याची विनंती करून तीनच प्रश्न विचारावेत: गेल्या वर्षभरात घरात कोणते आजारपण आले, उपचारासाठी कोठे गेलात, आणि पालिकेच्या दवाखान्यात गेला नसाल तर का. स्त्रियांशी हे बोलणे वेगळे आणि स्त्री कार्यकर्त्यांनीच करावे, कारण अंगावरून पांढरे जाणे, पाळीचे त्रास किंवा घरातली मारहाण या गोष्टी पुरुषांसमोर निघत नाहीत. महिला मंडळ किंवा भजनी मंडळ असेल तर त्याच्या नेहमीच्या बैठकीत हा विषय सहज निघतो.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे विशेष काळजीने टिपावीत. ‘दवाखान्याची वेळ आणि माझी कामावर जायची वेळ एकच आहे’, ‘लशीनंतर बाळाला ताप येतो आणि माझा खाडा होतो’, ‘केसपेपर काढायला कोणती कागदपत्रे लागतात हे माहीत नाही’, अशी उत्तरे येतील. यांतल्या एकाही अडचणीवर शिबिर हा उपाय नाही. सायंकाळी उघडा असणारा एखादा ‘आपला दवाखाना’ जवळपास आहे का, तेथे कोणत्या तपासण्या मोफत होतात, हे कार्यकर्त्याने स्वतः जाऊन पाहून येणे आणि त्याची वेळ प्रार्थनास्थळाच्या फलकावर लिहिणे, इतक्यानेही यांतल्या काही अडचणी सुटतात.

दुसरी पायरी: योग्य टेबलापर्यंत पोहोचावे

महानगरपालिकेचा कारभार विभाग कार्यालयांमधून चालतो. प्रत्येक विभागाला इंग्रजी अक्षराचे नाव असते. गोवंडी आणि मानखुर्द ‘एम पूर्व’ विभागात येतात, धारावी ‘जी उत्तर’मध्ये. विभागाचे प्रमुख सहायक आयुक्त असतात आणि आरोग्याची जबाबदारी वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे असते. आपले पत्र त्यांच्या नावे जावे. परंतु त्याआधी वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन तेथील डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्य सेविका यांना भेटावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य सेविकेला आपल्या वस्तीची खडान्‌खडा माहिती असते. तिला डावलून वरून आलेला कार्यक्रम तिच्या डोक्यावरचे आणखी एक ओझे ठरतो. तिला विचारावे, ‘ताई, कोणत्या गल्लीत दार उघडले जात नाही?’ आपल्या कामाची सुरुवात त्या गल्लीपासून होऊ शकते.

पत्र एका पानाचे असावे. त्यात संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक, जागेचे क्षेत्र आणि सोयी, दर आठवड्याला साधारण किती लोक येतात, आपण देऊ शकणारे मनुष्यबळ आणि नेमकी एक विनंती एवढेच लिहावे. दोन प्रती न्याव्यात, एक देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्यावा. आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही तर तोच क्रमांक घेऊन पुन्हा जावे. रागावण्याचे कारण नाही. पावसाळ्यात किंवा पल्स पोलिओच्या आठवड्यात त्या कार्यालयावर कामाचा किती भार असतो, हे एकदा पाहिले की आपली विनंती कोणत्या महिन्यात करावी हेही समजते.

तिसरी पायरी: ठराव आणि मर्यादा

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत रीतसर ठराव करून तो इतिवृत्तात नोंदवावा. सार्वजनिक न्यासांना धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो, त्यामुळे खर्च न्यासाच्या उद्देशांत बसतो ना, हे सनदी लेखापालांकडून पाहून घ्यावे. वक्फ संस्थांनी आणि धर्मप्रांताखालील चर्चनी आपापल्या वरिष्ठ मंडळाची अनुमती घ्यावी.

त्याच बैठकीत काही मर्यादा लिहून ठेवाव्यात, कारण नंतर त्या घालणे अवघड जाते. सेवा धर्म, जात किंवा वर्गणी न पाहता सर्वांना मिळेल. उपचाराच्या बदल्यात प्रार्थनेची किंवा सदस्यत्वाची अपेक्षा ठेवली जाणार नाही. कोणत्याही खासगी रुग्णालयाची, औषध कंपनीची किंवा निवडणुकीच्या उमेदवाराची जाहिरात लागणार नाही. रुग्णांची छायाचित्रे काढली जाणार नाहीत. आणि श्रद्धेने आजार बरा होईल, औषध सोडून द्या, असे कोणीही व्यासपीठावरून सांगणार नाही. या शेवटच्या मुद्द्याला कायद्याचाही आधार आहे: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. प्रार्थना चालू राहावी आणि उपचारही चालू राहावेत, यात विरोध मानण्याचे कारण नाही. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मानसिक त्रासासाठी आलेल्यांना दुवेबरोबर मनोविकारतज्ज्ञांचे औषधही मिळावे अशी व्यवस्था उभी राहिली. दर्ग्याच्या मुजावरांनाच, म्हणजे तेथील सेवेकऱ्यांनाच, आजाराची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण दिल्यामुळे ती लोकांनी स्वीकारली.

चौथी पायरी: पहिल्या वर्षासाठी एकच विषय

नव्या गटांची सर्वांत मोठी चूक येथे होते. नेत्रतपासणी, मधुमेह, रक्तदान, योग, कर्करोग असे सारे एकाच वर्षात घेतल्यावर एकही काम तडीस जात नाही. पहिल्या पायरीत लोकांनी जे सांगितले आणि आरोग्य केंद्राला ज्याची निकड आहे, ते जेथे जुळते तो एक विषय निवडावा. मुंबईत असे विषय प्रामुख्याने चार निघतात.

लसीकरण हा पहिला. २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये गोवराची साथ आली, मुले दगावली, तेव्हा लस न मिळालेल्या मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी पालिकेने मौलाना आणि स्थानिक धर्मगुरूंची मदत घेतली. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असते. चुकते ती बहुधा दुसरी, कारण तोवर मूल चालू-बोलू लागलेले असते आणि घरच्यांना काळजी उरलेली नसते. नामकरण, बाप्तिस्मा, अकीका, जावळ अशा प्रसंगी कुटुंब आपणहून प्रार्थनास्थळाकडे येते. त्या वेळी नोंदवहीत बाळाची जन्मतारीख लिहून घेतली आणि दीड वर्षाने एका कार्यकर्त्याने दार ठोठावले, तर एवढे साधे काम एका मुलाला वाचवू शकते.

दुसरा विषय क्षयरोगाचा आहे आणि मुंबईत तो सर्वांत गंभीर मानावा, असे मला वाटते. दाटीच्या खोल्या, बंद खिडक्या आणि अर्धवट सोडलेले उपचार यांमुळे औषधांना दाद न देणारा क्षयरोग या शहरात मुळावलेला आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, रात्रीचा घाम किंवा थुंकीतून रक्त, यांपैकी काही असल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती आणि पुढील औषधे सरकारी व्यवस्थेत मोफत आहेत. साध्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बरे वाटू लागल्यावर माणूस गोळ्या सोडतो आणि तेथेच आपली गरज असते. क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या खात्यात दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली आहे. ती जमा होते का, बँक खाते जोडलेले आहे का, हे पाहण्यास कार्यकर्ता मदत करू शकतो. संस्थेला ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंदणी करून रुग्णांना पोषण आहाराची शिधा देता येते. डाळ, तेल, शेंगदाणे, दूध पावडर, अंडी असे काही असावे. केवळ प्रसादाचे लाडू पुरेसे नाहीत. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचे नाव आपल्याला कळतही नाही आणि कळल्यावर ते व्यासपीठावरून घेतले जाऊ नये. शिध्याची पिशवीही साधी, नाव न छापलेली असावी. चाळीत एकदा ‘टीबीवाले घर’ असा शिक्का बसला की मुलीच्या स्थळापर्यंत त्याचे परिणाम जातात, हे आपण सारे जाणतो.

तिसरा विषय रक्तदाब आणि मधुमेह. येथे धर्मगुरूंचा शब्द फार उपयोगी पडतो, कारण उपासाचे प्रश्न डॉक्टरांपेक्षा त्यांनाच अधिक विचारले जातात. रमझानपूर्वी महिनाभर मधुमेही नमाजींनी डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा बदलून घ्याव्यात, हे इमामांनी सांगितले तर ते पाळले जाते. श्रावणात आणि चातुर्मासात साबुदाणा, बटाटा आणि गोड दूध यांवर दिवस काढणाऱ्या मधुमेही आजींना पुजाऱ्यांनी समजावले, पर्युषणात दीर्घ उपवास करणाऱ्यांना महाराजसाहेबांनी वैद्यकीय सल्ल्याची आठवण दिली, तर त्यांच्या मनातली अपराधाची भावना जाते. मंगळवारी आणि अंगारकीला सिद्धिविनायकापर्यंत, किंवा सप्टेंबरच्या जत्रेत बांद्र्याच्या माऊंट मेरीपर्यंत अनवाणी चालत जाणारे भाविक अनेक आहेत. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते, फोड कळत नाही आणि जखम चिघळते. घरी परतल्यावर तळपाय आरशात पाहण्याची सवय त्यांना लावणे हेही आरोग्याचेच काम आहे.

चौथा, पावसाळी आजार. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठवडा लागतो. देवळाच्या आवारातली विहीर, नमाजीपूर्वी हातपाय धुण्याचा म्हणजे वुझूचा हौद, फुलदाण्या, गच्चीवरील टाकी आणि मंडपाची ताडपत्री आठवड्यातून एकदा तपासावी, विहिरीत गप्पी मासे सोडण्याविषयी पालिकेच्या कीटकनाशक विभागाला विचारावे. तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असल्यास, लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या तापाच्या आजाराचे प्रतिबंधक औषध २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. ही एक सूचना जुलैच्या मुसळधार दिवशी भोंग्यावरून दिली तरी पुरे.

पाचवी पायरी: बोलणार कोण आणि काय

आरोग्य खात्याने छापलेले पत्रक धर्मगुरूंनी वाचून दाखवू नये. त्यांनी आधी डॉक्टरांबरोबर अर्धा तास बसावे, आपल्या शंका विचाराव्यात आणि मग आपल्या भाषेत, आपल्या परंपरेतल्या दाखल्यांसह बोलावे. डॉक्टरांनी त्यातील वैद्यकीय बाजू बरोबर आहे ना, एवढेच तपासावे. महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून स्वच्छता, व्यसनमुक्ती आणि शिक्षण सांगत. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेले कर्करुग्ण आणि नातेवाईक आसरा घेतात.

सहावी पायरी: शिबिर घ्यायचेच असेल तर

ते लहान असावे. सावली, पिण्याचे पाणी, बसायला खुर्च्या, वृद्धांसाठी वेगळी रांग आणि बोलण्यासाठी पडदा लावलेला एक कोपरा एवढे पाहावे. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसवावे, नुकताच चहा किंवा तंबाखू घेतलेल्यांना अर्धा तास थांबण्यास सांगावे. एकदा १४०/९० च्या वर आकडा आला म्हणजे आजार ठरला असे नव्हे. पुन्हा मोजून डॉक्टरांनीच निर्णय करावा. वापरलेल्या सुया आणि कापूस आरोग्य कर्मचाऱ्यांनी परत न्यावेत. ते घंटागाडीत जाता कामा नयेत. रक्तदान परवानाधारक रक्तपेढीमार्फतच घ्यावे आणि शक्य तर मे महिन्यात ठेवावे, कारण सुटीत मुंबईत रक्ताची चणचण असते. २०२० मध्ये लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीची प्रतिष्ठापना न करता रक्त आणि प्लाझ्मा दानाचा ‘आरोग्योत्सव’ केला, तो अनेक मंडळांना मार्ग दाखवणारा ठरला.

सातवी पायरी: पाठपुरावा

आमच्या गटाच्या पहिल्या शिबिरात ज्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला त्यांच्या हाती आम्ही चिठ्ठ्या दिल्या आणि स्वतःकडे काहीच नोंद ठेवली नाही. चार महिन्यांनी त्यांतल्या एका काकांना पक्षाघात झाल्याचे कळले. चिठ्ठी त्यांच्या खिशातच राहिली होती. ते दुःख मनातून गेलेले नाही, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे असे मी म्हणतो, ते त्यामुळे.

एक नोंदवही करावी. त्यात नाव, गल्ली, संपर्क, कोठे पाठवले, गेले का आणि पुढची तारीख एवढेच रकाने असावेत. आजाराचे नाव लिहिण्याऐवजी आरोग्य केंद्राशी ठरवलेली खूण वापरावी. ही वही कुलपात राहावी आणि ती पाहण्याचा अधिकार दोनच व्यक्तींना असावा. प्रत्येक कार्यकर्त्याकडे दहा कुटुंबे द्यावीत, अधिक नाहीत. आठवड्याने फोन करावा, पंधरा दिवसांनी घरी जावे, आणि माणूस एकटा जाण्यास बिचकत असेल तर त्याच्याबरोबर दवाखान्यात जाऊन रांगेत उभे राहावे. महिन्यातून एकदा आरोग्य सेविकेबरोबर बसून कोण गेले, कोण राहिले हे पडताळावे. मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली आणि पैसे नसतील तर धर्मादाय रुग्णालयांतील दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, हे सांगावे. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका आधीच काढून ठेवण्यास मदत करावी.

मनाच्या आजाराविषयी वेगळी दक्षता हवी. निराश, झोप उडालेला, जगणे नको म्हणणारा माणूस बहुधा प्रथम धर्मगुरूंकडे येतो. त्याचे शांतपणे ऐकावे, एकटे सोडू नये आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर स्वतः त्याच्याबरोबर बसून फोन लावावा. रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पूर्णपणे निषिद्ध आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे २००१ साली आगीत साखळदंडांत अडकलेले रुग्ण दगावले, ते कोणत्याही श्रद्धास्थानाने विसरू नये.

काम टिकवण्यासाठी

तीन महिन्यांनी एका पानाचा अहवाल वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावा: किती जणांना पाठवले, किती पोहोचले, किती जणांचे उपचार चालू आहेत आणि कोणत्या अडचणी आल्या. न पोहोचलेल्यांची संख्या लपवू नये. पुढच्या तिमाहीचे काम तिच्यातूनच ठरते. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि चांगले चाललेले काम तेथे तुटते, म्हणून आवक शिक्क्याचे पत्र, ठरावाची प्रत आणि हे अहवाल एका फायलीत क्रमाने लावून ठेवावेत. नवे अधिकारी रुजू झाले की पहिल्याच पंधरवड्यात ती फाईल आणि आरोग्य सेविका ताई, दोघींना बरोबर घेऊन त्यांची भेट घ्यावी.